नफा भूखंडावर, भार चौकावर

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत झपाट्याने पालटले आहे. काल जिथे कपाशी आणि तूर उभी होती तिथे आज चुन्याच्या रेघा मारलेले भूखंड दिसतात, रस्त्याच्या तोंडाशी कमान उभी राहते आणि कमानीवर एखाद्या देवाचे वा पुढाऱ्याचे नाव झळकते. वसमत या लाटेला अपवाद नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, वसमतची हळदीची बाजारपेठ नावारूपाला आली आणि २०२४ साली ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले, नांदेड तर तासाभराच्या अंतरावर. नोकरदार, लहान व्यापारी, मुलांच्या शिक्षणासाठी खेडे सोडून आलेली शेतकरी कुटुंबे, या सर्वांना घर हवे आहे आणि ते हवे असण्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. दोष असेल तर तो अन्यत्र शोधला पाहिजे. कमानीच्या आत काय बांधले जाते हे पाहणारे सरकारी डोळे पुष्कळ आहेत. परंतु कमानीतून बाहेर पडलेली माणसे दोनशे पावलांवरच्या ज्या चौकात येऊन मिळतात, त्या चौकाचे पुढे काय होणार, हे मंजुरीपूर्वी विचारणारा कोणीही नाही.

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वाहतुकीची कोंडी म्हणजे अभियंत्यांचा विषय, त्यात पक्षाने काय लक्ष घालायचे, असे म्हणणारे कार्यकर्तेही भेटतात. वस्तुतः रस्ता आणि रूळ हा मराठवाड्यात नेहमीच राजकारणाचा विषय राहिला आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या मागण्यांत रुंद मापाच्या रेल्वेमार्गाची मागणी अग्रभागी होती. ज्या पूर्णा–अकोला मार्गावर वसमतचे स्थानक आहे, त्याचे रुंदीकरण पूर्ण व्हायला पुढे २००८ साल उजाडले. कोणाच्या सोयीसाठी किती पैसा, कोणत्या वेळी आणि कोणाच्या खिशातून खर्च व्हावा, हा प्रश्न रेल्वेमार्गाला जितका लागू होता तितकाच तो गावच्या चौकालाही लागू आहे.

कायद्याची नजर कुठवर पोहोचते?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या आधारे राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबईसारखे मोजके अपवाद वगळता ती राज्यभर लागू आहे, म्हणजे नगरपरिषदेच्या गावांनाही. या नियमावलीत अंतर्गत रस्ते किती रुंद असावेत, मोकळी जागा किती सोडावी, यांचे बारकाईने आकडे दिले आहेत. अभिन्यासातील रस्ता दीडशे मीटरपर्यंत लांब असेल तर त्याची रुंदी नऊ मीटर, तीनशे मीटरपर्यंत बारा मीटर, त्याहून लांब असेल तर पंधरा मीटर. चटई क्षेत्र निर्देशांकही भूखंडासमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. रस्ता जितका रुंद तितके बांधकाम अधिक.

येथवर सारे ठाकठीक दिसते. पण या साऱ्या व्यवस्थेची नजर भूखंडासमोरच्या रस्त्यापाशी थांबते. तो रस्ता पुढे ज्या तिठ्याला मिळतो तिथे आधीच किती भार आहे, तिथून पायी जाणाऱ्या मुलांना रस्ता ओलांडता येतो की नाही, हे विचारण्याची तरतूद सर्वसाधारण निवासी अभिन्यासासाठी नाही. समोर पंधरा मीटरचा रस्ता आणि पुढे पाच मीटरची बोळकांडी, असे असले तरी कागदोपत्री तो भूखंड पंधरा मीटरच्या रस्त्यावरचाच राहतो. नळाची तोटी रुंद करून मुख्य नळ जुनाच ठेवावा, आणि पाणी का येत नाही म्हणून शेजाऱ्यांनी आपसात भांडावे, तसा हा प्रकार आहे.

देशाच्या कायद्यांना हा विचार अगदीच ठाऊक नाही असे मात्र नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पाला पूर्वमंजुरी घ्यावी लागते. अशा मंजुऱ्यांच्या प्रचलित अटींत असे म्हटलेले असते, की प्रकल्पापासून पाच किलोमीटरच्या परिघातील रस्त्यांची सेवा आज आहे त्याहून खालावू नये असा वाहतूक आराखडा करावा, आणि त्या परिघात जी जी बांधकामे चालू वा प्रस्तावित आहेत त्या सर्वांचा एकत्रित परिणाम त्यात धरावा. अट उत्तम आहे. पुण्या-मुंबईच्या गगनचुंबी संकुलांना ती लागू होते. तिचे पालन कितपत होते हा निराळा प्रश्न. वसमतसारख्या गावात मात्र ती जवळजवळ कधीच लागू होत नाही. येथे एकच मालक दोनशे घरे बांधत नाही. तो दोनशे भूखंड विकतो आणि मोकळा होतो. पुढे दोनशे मालक दोनशे घरे बांधतात. त्यांचे एकत्रित बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या पुढे सहज जाते, परंतु कायद्याच्या लेखी तो प्रकल्पच नसतो. वस्ती तेवढीच, रहदारी तेवढीच. पण उत्तरदायी कोण, असे विचारले की समोर कोणी उरत नाही.

एका अभिन्यासाचे गणित

वाहतुकीच्या परिणामाचे मूल्यांकन ही काही गूढ विद्या नव्हे. नवी वस्ती किती फेऱ्या निर्माण करील, त्या कोणत्या दिशांना वाटल्या जातील, कोणत्या साधनाने होतील आणि कोणत्या चौकावर किती भार पडेल, या चार पायऱ्या मांडल्या की काम झाले. उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. समजा, दोनशे भूखंडांचा अभिन्यास आहे आणि कालांतराने प्रत्येक भूखंडावर दोन कुटुंबे राहू लागली. म्हणजे चारशे कुटुंबे. कुटुंबात सरासरी साडेचार माणसे धरली तर अठराशे माणसांची वस्ती. सकाळच्या ऐन गर्दीच्या तासात त्यांपैकी एक चतुर्थांश, म्हणजे साडेचारशे माणसे घराबाहेर पडली. त्यांतली दोनशे पायी, पंचवीस सायकलीने, दीडशे माणसे शंभर दुचाक्यांवर, साठ माणसे पंधरा ऑटोरिक्षांत आणि पंधरा माणसे दहा मोटारींत, अशी विभागणी धरू.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत एक भारांक दिलेला आहे आणि एकूण रहदारीत त्या वाहनाचा वाटा वाढला की बहुतेकांचा भारांकही वाढतो. मोटार एक, दुचाकी पाऊण, ऑटोरिक्षा दोन, सायकल अर्धा, अशा वरच्या भारांकांनी गुणले असता या वस्तीचा सकाळचा भार सुमारे एकशे अठ्ठावीस मोटारींइतका भरतो. त्याच सूत्रांनुसार दुय्यम महत्त्वाच्या दोन पदरी दुतर्फा रस्त्याची तासाची क्षमता बाराशे मोटारींइतकी आहे. म्हणजे भार जेमतेम एक दशांशाने वाढला. जमीन विकसित करणारा म्हणेल, एवढ्याशाने काय होते? आणि त्याच्यापुरते त्याचे म्हणणे खोटे नाही.

तथापि ग्यानबाची मेख इथेच आहे. त्या चौकाला मिळणाऱ्या रस्त्यांवर असे आठ-नऊ अभिन्यास पडले तर? प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तारीख वेगळी, मालक वेगळा. प्रत्येकजण एक दशांशच भार घालतो आणि प्रत्येकाला ‘परिणाम नगण्य’ असे म्हणता येते. नऊ नगण्यांची बेरीज करायला मात्र कोणी बसत नाही. गवताच्या शेवटच्या काडीने उंटाची पाठ मोडली तर पहिल्या काड्या टाकणारे निर्दोष ठरत नाहीत. मंजुरी भूखंडाभूखंडाने आणि भार चौकावर एकवट, ही या व्यवस्थेतील मूळ विसंगती होय. भूखंडाची वाढलेली किंमत खाजगी खिशात जाते; चौकातला खोळंबा, धूर, अपघात आणि उद्या त्या चौकाच्या रुंदीकरणाचा खर्च मात्र साऱ्या गावाच्या माथी येतो. नफ्याचे खाजगीकरण आणि तोट्याचे सामाजिकीकरण यांचे याहून सोपे उदाहरण कार्यकर्त्यांना अभ्यासवर्गासाठी दुसरे मिळणार नाही.

मोजणीत कोण आहे, कोण नाही?

वरच्या गणितात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. साडेचारशे माणसांपैकी दोनशे पायी निघाली होती. एकशे अठ्ठावीसच्या बेरजेत त्यांचा वाटा किती? शून्य. मोटारीतून जाणारी पंधरा माणसे दहा एकके होतात. चालणारी दोनशे माणसे हिशेबाच्या वहीत येतच नाहीत. त्याच सारणीत हातगाडीचा भारांक दोन ते तीन आणि शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा चार ते पाच आहे. रस्त्यावर किती जागा अडते आणि वेग किती कमी आहे या दृष्टीने अभियंत्याने हे आकडे काढले. त्यांत दुष्टबुद्धी नाही. पण हेच कोष्टक निर्णयाचे एकमेव साधन झाले की त्यातून निष्कर्ष काय निघतो? केळीवाल्याची हातगाडी म्हणजे तीन मोटारींचा अडथळा, हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याची ट्रॉली म्हणजे पाच मोटारींचा अडथळा, आणि शाळेला चालत निघालेली मुलगी म्हणजे काहीच नाही.

समाजवादी चळवळीला मोजणीचे हे राजकारण नवे नाही. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत देशातल्या बहुसंख्य माणसांच्या रोजच्या तीन आण्यांचा प्रश्न उभा केला आणि सरकारपक्ष पंधरा आण्यांचा आकडा पुढे करीत राहिला. तो वाद अंकगणिताचा नव्हता. सरासरी काढताना श्रीमंताची मिळकत गरिबाच्या नावावर चढते, हे त्या वादाने देशाला दाखवून दिले. चौकातली मोजणीही त्याच कसोटीवर घासली पाहिजे. वाहने मोजली की मोटार असलेल्याचे वजन वाढते. माणसे मोजली की चित्र पालटते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांची नव्हे तर माणसांची ये-जा हे उद्दिष्ट मानले आहे. धोरण सरकारचेच आहे. गावपातळीवर ते अमलात आणा एवढेच म्हणायचे आहे.

चौकात जीव कोणाचा जातो, हेही पाहिले पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरचे साडेचव्वेचाळीस टक्के आणि पायी चालणारे साडेएकोणीस टक्के. ज्यांना मोजणीत पाऊण आणि शून्य भारांक आहे, त्यांचाच मृतांच्या यादीतला वाटा दोन तृतीयांशांच्या आसपास जातो.

शिवाय मोजणी केव्हा करायची, यातही चलाखी करता येते. वसमतचा रस्ता बारा महिने सारखा नसतो. गाळप हंगामात पूर्णा सहकारी साखर कारखान्याकडे जाणारी उसाची वाहने, त्यांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या. मार्चपासून हळदीची आवक. जूनपासून शाळा-महाविद्यालयांची गर्दी. आठवडी बाजाराचा दिवस तर वेगळाच. मे महिन्याच्या सुटीत, बाजार नसलेल्या दिवशी, दुपारी दोन वाजता मोजणी केली तर कोणताही चौक मोकळाच दिसेल. अहवालाचे पैसे जमीन विकसित करणारा देणार आणि अहवाल लिहिणारा सल्लागारही तोच नेमणार असेल, तर मोजणीचा मुहूर्त कोणता निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

परळचा धडा

हिशेब न मांडण्याची किंमत काय असते, हे मुंबईने भोगले आहे. गिरणगावात लाखो कामगार राहत आणि गिरण्यांपर्यंत चालत जात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा आकसला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती दुरुस्ती वैध ठरविली. चाळींच्या शेजारी मनोरे, कचेऱ्या आणि बाजारसंकुले उभी राहिली. ज्या स्थानकांवरून हजारो नोकरदार रोज या नव्या इमारतींत येऊ लागले, त्या स्थानकांचे जिने आणि पूल मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस माणसे मेली.

त्या दिवशी पाऊस आला, अफवा उठली, गर्दी बिथरली, अशी कारणे सांगितली गेली. ती तात्कालिक होती. गिरण्यांच्या जमिनीवर चटई क्षेत्र वाटताना एका प्रश्नाचे उत्तर सक्तीने मागायला हवे होते: ही माणसे कोणत्या पुलावरून येणार? इमारतींची मंजुरी एका कार्यालयात, पूल दुसऱ्या खात्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे. मध्ये माणूस चिरडला.

वसमत म्हणजे परळ नव्हे, हे खरे. पण खात्यांची रचना तीच आहे. अभिन्यासाला मंजुरी नगरपरिषद आणि नगररचना विभाग देतात. परभणी–वसमत–नांदेड हा रस्ता कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गाचा भाग. त्यावर नगरपरिषदेची सत्ता चालत नाही. औंढा, हिंगोलीकडे जाणारे रस्ते तिसऱ्याच यंत्रणेकडे. चौकात शिटी वाजविणारा शिपाई गृहखात्याचा. चौक सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही. अपघात झाला की चालकावर गुन्हा दाखल होतो. चौक असा का झाला, याची चौकशी होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १९८-अ आले आणि रस्त्याच्या सदोष आराखड्याबद्दल वा बांधणीबद्दल संबंधित यंत्रणा, सल्लागार व ठेकेदार यांना दंड करण्याची तरतूद झाली. पण दंड झाला तरी गेलेला जीव परत येत नाही. प्रश्न आधी विचारणे हाच त्यावरचा उपाय.

घरांना विरोध नव्हे

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. वाहतुकीच्या परिणामाची अट घातली की घरे महाग होतील, मंजुऱ्या लांबतील, टेबलाखालच्या व्यवहाराला आणखी एक खिडकी मिळेल आणि शेवटी मार गरिबालाच बसेल, असे प्रामाणिक माणसेही म्हणतात. समाजवाद्यांना हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. घर हा माणसाचा हक्क आहे, हे सांगत मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून गोरेगावच्या दिंडोशीत नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमिनीवर कमी उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना घरे मिळवून दिली. त्या परंपरेतला कार्यकर्ता चौकाचे निमित्त करून घरे अडवू शकत नाही.

आक्षेपाला परदेशाच्या अनुभवाचाही आधार आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात वर्षानुवर्षे चौकात मोटारींना होणारा विलंब हीच पर्यावरणाच्या हानीची एक मोजपट्टी मानली जाई. परिणाम उलटा झाला. शहरात, बस आणि रेल्वेजवळ दाट वस्ती उभी करू पाहणारे प्रकल्प ‘चौकात विलंब वाढतो’ म्हणून अडचणीत येत. दूर माळावरची मोकळी वसाहत मात्र सुटे, कारण तिथे चौकच नसे. मग तिथली माणसे रोज कितीही मैल मोटार हाकोत. २०१३ साली कायदा करून तिथे ही मोजपट्टी बदलण्याचे ठरले आणि जुलै २०२० पासून वस्तीमुळे मोटारींचा एकूण प्रवास किती वाढतो, हे राज्यभर पाहिले जाऊ लागले. मोजपट्टी चुकली तर चांगला हेतूही गरिबाच्या मुळावर येतो, हा त्यातला धडा. मोजणीच नको, असा धडा त्यातून काढणे हे लबाडीचे होईल.

म्हणून मूल्यांकनाचा हेतू घरे नाकारणे हा नसावा. घरांसोबत पदपथ, ओलांडण्याची सुरक्षित जागा, बसथांबा आणि शाळा यायला हव्यात, आणि त्यांचा खर्च ज्याच्या जमिनीची किंमत वाढली त्याच्याकडून यायला हवा, यासाठी मूल्यांकन हवे. शाळा आणि किराणा दुकान वस्तीतच असेल तर निम्म्या फेऱ्या चौकापर्यंत येणारच नाहीत. गुंठेवारीतल्या कष्टकऱ्यांची गोष्ट तर अगदी निराळी आहे. मंजूर भूखंड परवडत नाही म्हणून ज्याने अरुंद गल्लीत एक-दोन गुंठे घेतले, त्याला २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करताना चौकाचा भुर्दंड लावणे अन्यायाचे होईल. तिथला खर्च समाजानेच उचलला पाहिजे. घरकुलांचेही तेच. पण गरिबाला स्वस्त जमीन म्हणून गावाबाहेर टाकायचे आणि तिथून बसची सोय करायची नाही, हे घरकुल नव्हे. ती हद्दपारी होय.

दुसरा धोका उपायांत आहे. चौक तुंबला की प्रशासनाला प्रथम दिसतो तो फेरीवाला. त्याला उठविले की छायाचित्र निघते, बातमी येते आणि पंधरा दिवसांनी चौक पुन्हा तसाच होतो. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना हटविण्यास मनाई केली आहे आणि नगर पथविक्रेता समितीत त्यांना किमान चाळीस टक्के प्रतिनिधित्व दिले आहे. चौकाचा भार अभिन्यासांनी वाढविला आणि शिक्षा भाजीवालीला झाली, तर तो उपाय नसून नवा अन्याय ठरेल.

अधिकार आहेत; वापर हवा

यासाठी दिल्ली-मुंबईच्या नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १९६६ च्या अधिनियमातील कलम ४५ नुसार नियोजन प्राधिकरणाला परवानगी देताना अटी घालता येतात. १९९२ साली त्याच अधिनियमात विकास शुल्काचे प्रकरण घालण्यात आले. प्रत्येक बांधकामाकडून ते शुल्क घेतले जाते. गावाने इतक्या वर्षांत किती विकास शुल्क दिले आणि त्यातून किती पदपथ झाले, याचा हिशेब मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम १०६ खाली विकासकाशी करार करून वस्तीमुळे लागणाऱ्या सोयींचा भार त्याच्यावर टाकला जातो. तो देश काही समाजवादी नाही. पण सार्वजनिक खर्चातून खाजगी नफा वाढू द्यायचा नाही, एवढे व्यवहारज्ञान तिथल्या नगरपालिकांनी दाखविले आहे.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर निर्धोक चालण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूत्रांत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर दिली आहे. हक्क आहे, माप आहे, पैसा आहे आणि अधिकारही आहेत. उणीव आहे ती या सर्वांना एका टेबलावर आणणाऱ्या लोकमताच्या दडपणाची. राज्यातल्या बहुसंख्य नगरपरिषदा २०२१-२२ पासून दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. निवडणुका व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. त्या काळात मंजूर झालेल्या अभिन्यासांवर सभागृहात एक शब्दही बोलला गेला नाही, कारण सभागृहच नव्हते. आता ते बोलणे व्हायला हवे.

मागण्या स्पष्ट आणि मोजक्या असाव्यात. एक हेक्टरहून मोठ्या वा पन्नासहून अधिक भूखंडांच्या प्रत्येक अभिन्यासासाठी शेजारच्या चौकांचे मूल्यांकन मंजुरीपूर्वी व्हावे. ते नगरपरिषदेने नेमलेल्या तज्ज्ञाकडून व्हावे. खर्च विकासकाने नगरपरिषदेकडे भरावा. त्यात मंजूर व प्रलंबित अशा सर्व अभिन्यासांची बेरीज धरावी. मोजणी माणसांची व्हावी, शाळेच्या दिवसांत, ऊस-हळदीच्या हंगामात आणि बाजाराच्या दिवशी व्हावी. अहवाल मराठीत नगरपरिषदेच्या फलकावर लावावा आणि हरकतींवर जाहीर सुनावणी व्हावी. पदपथ आणि चौकाची कामे पूर्ण झाल्याविना भूखंडांच्या विक्रीला अंतिम मंजुरी देऊ नये. घरकुले आणि गुंठेवारीतील वस्त्या यांना या खर्चातून मुक्त ठेवावे.

कार्यकर्त्यांच्या वाट्याचे काम याच्या आधीपासून सुरू होते. माहितीच्या अधिकाराखाली गेल्या दहा वर्षांतील मंजूर अभिन्यासांचे नकाशे मागवावेत आणि ते गावच्या एकाच नकाशावर मांडावेत. नऊ नगण्यांची बेरीज तिथे आपोआप डोळ्यांसमोर येईल. मग दोन-दोन कार्यकर्त्यांनी वही-पेन्सिल घेऊन सकाळी नऊ ते अकरा गावच्या प्रमुख चौकांत उभे राहावे आणि चालणारे, सायकलवाले, दुचाक्या, रिक्षा, बस, ट्रॅक्टर, मोटारी असे रकाने पाडून आठवडाभर मोजावे. रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला किती वेळ थांबावे लागते, तेही लिहावे. ही मोजणी शाळेच्या पालकसभेत, बाजार समितीच्या आवारात, रिक्षा थांब्यावर वाचून दाखवावी. हमाल, शेतकरी, रिक्षावाला, भाजीवाली आणि नव्या वसाहतीत कर्ज काढून घर बांधणारा शिक्षक, हे सारे त्याच चौकातून जातात. त्यांना एकमेकांच्या विरुद्ध उभे करणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे असते. चौकाचा हिशेब हातात आला की आपला खोळंबा समोरच्या हातगाडीने केलेला नाही, हे त्यांना कळू लागेल. तो ज्या मंजुरीच्या कागदावर जन्माला आला त्या कागदावर सही कोणाची आहे, हेही ते मग एकत्र विचारतील.